ताणावर टाकलेली झाडं

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडले, तेव्हा माझ्या कानामागचा हिरवा रंग अजून गेलेला नव्हता. बाबा ओट्यावर बसून दात कोरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पिशवीकडे पाहिलं. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन आणलेली ती पिशवी माझ्या डोक्याच्याही वर जात होती, आणि तिच्या बुडाशी तंबूची गुंडाळी बांधलेली होती.

"म्हशीले गोठा अन् तुले तंबू," ते म्हणाले. "म्हैस तरी दूध देते."

मी पांढुर्ण्याहून सौंसर, रामाकोना, छिंदवाडा असं करत नर्मदेपर्यंत पायी जाणार होते आणि तिथून काठाकाठाने उगमाकडे. एकटी. परिक्रमा नाही, नवस नाही, कुणाची मानता नाही. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी अशा एकाही जागी झोपले नव्हते जिथे सकाळी उठल्यावर कुणाला चहा करून द्यायचा नाही. तेवढंच मला हवं होतं, आणि ते मी बाबांना सरळ सांगितलंही होतं. त्यावर ते म्हणाले होते, चहा मी करून घेतो, पण असली थेरं आपल्या घरात चालणार नाहीत. चहा त्यांना करता येत नाही. साखर कोणत्या डब्यात असते हेही त्यांना ठाऊक नाही.

त्या दिवशी ओट्यावरून उठून ते माझ्यामागे बागेच्या फाटकापर्यंत आले. मला वाटलं, सोडायला आले. तिथे माझ्या झाडांच्या ठिबकचा कॉक आहे. बाबा वाकले, कमरेवर एक हात ठेवून त्यांनी तो कॉक आवळून बंद केला आणि म्हणाले, "तू जाय. मी तुही झाडं आजपासून ताणावर टाकतो. पाहू कोण आगुदर पाणी मांगते, तू का झाडं."

हे ज्यांच्या घरी संत्र्याची बाग नाही त्यांना सांगायला हवं. संत्र्याचं झाड सुखात असलं की पानंच काढत बसतं. त्याला बहार आणायचा असेल तर त्याचं पाणी तोडावं लागतं. मग पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात, झाड घाबरतं. तेव्हा पाणी सोडलं की ते फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात, आणि आमच्याकडची अर्धी अक्कल ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा यातच खर्च होते. काळ्या जमिनीतलं झाड दोन-दोन महिने ताण सोसतं. मुरमाड जमिनीतलं झाड महिनाभरात मरायला टेकतं. आणि मृगाच्या बहाराचा ताण देतात तो वैशाखात, पाऊस समोर दिसायला लागला की. फाल्गुनात, नुकता तोडा झालेल्या, फळं देऊन दमलेल्या झाडाला कोणी ताण देत नाही. बाळंतिणीला कोणी उपास घडवत नाही, तसंच ते.

बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला जे कळतं ते त्यांनीच शिकवलेलं आहे. त्यांच्या तोंडून ताण हा शब्द निघाला म्हणून शेजारीपाजारी कोणी बोलणार नव्हतं. ज्याची बाग, ज्याचा ताण. पण माझी झाडं मुरमावर आहेत, हे त्यांना आणि मला दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

मुरमाचा तो तुकडा त्यांनीच मला दिला होता. लग्न मोडून मी परत आले, तेव्हा दोन वर्षं त्यांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. मग एक दिवस बागेच्या टोकाचा उतार दाखवून म्हणाले, "इथं लाव काय लावाचं ते. मेलं त तुहं, जगलं त तुहं." तिथे गवतही नीट उगवत नव्हतं. मी पहारीने खड्डे खणले, नाल्यातली काळी माती टोपल्यांनी आणून भरली, जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली चाळीस कलमं लावली. पहिले तीन उन्हाळे घागरीने पाणी घातलं. ती चाळीसही जगली. पुढे फळावर आली तेव्हा बाबांच्या काळ्या जमिनीतल्या झाडांपेक्षा त्यांचं फळ गोड निघालं, व्यापारी आधी माझ्या उतारावर जायला लागले. त्याबद्दल बाबांनी मला कधी माफ केलं नाही.

म्हणून त्या सकाळी त्यांनी नेमकं काय हातात धरलंय, ते मला कळत होतं. मी कॉक पुन्हा उघडू शकले असते. पण मी गेल्यावर तो कोण बंद करणार हेही मला कळत होतं. मी म्हटलं, "बाबा, महिनाभराच्या वर जाऊ देऊ नका." ते म्हणाले, "तू कोण सांगनारी?" आणि मी चालायला लागले.

पहिले काही दिवस मला झाडांची आठवण आली नाही, कारण टाचांनी दुसरं काही आठवूच दिलं नाही. नवे बूट घालून लांब चालू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं ते सातनूर सोडून पुढे गेल्यावर. पिशवीत मी कणीक घेतली होती, तिखटमिठाचा डबा, एक जाडी सतरंजी, छोटी कढईसुद्धा. संसार सोडून निघालेली बाई संसार पाठीवर घेऊन चालली होती. कढई मी एका शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीला अडकवून दिली, सतरंजी एका म्हातारीला दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "फाटली हाये का?" आभार वगैरे नाहीच.

खरी गंमत लोकांनी केली. सौंसरजवळ जामसावळीला मारोतीचं ठाणं आहे. ज्याला बाहेरचं काही लागलं, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला घरची माणसं तिथे घेऊन येतात. त्यामुळे सौंसरच्या दिशेने एखादी बाई एकटीच, धुळीने माखलेली, पाठीवर भलं मोठं बोचकं घेऊन लंगडत चालली असेल, तर तिला काय झालंय हे या भागात कोणी विचारत नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

एका गावात बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांनी मला घेरलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, माझ्याबद्दल बोलत होत्या, तेही माझ्या नाकासमोर.

"संगं कोनी धाडलं नाई वं हिच्या."

"दिसाले त चांगली दिसून राहिली."

"तशाच दिसतात त्या. माही नणंद नाई का, चांगली भाकरी थापता थापता उठली अन् गेली."

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मी फिरायला निघाले आहे." त्यावर त्यांतली एक चुकचुकली. फिरायला निघाले म्हणजे भलतंच पुढे गेलेलं दुखणं. एका घरी त्यांनी मला बसवलं, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर बाधा जबर, असं मानतात. मला चांगला ठसका लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि दोन दिवसांत मी धड जेवले नव्हते. मी खोकला गिळला. बाया म्हणाल्या, अगं बाई, जबरच आहे, आणि मला पोटभर जेवू घातलं. तंबू मी देवळाच्या पारामागे लावला. मी विहिरीत उडी टाकू नये म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला माझ्यावर नजर ठेवायला बसवलं, आणि तो तंबूबाहेर बसून माझ्यापेक्षा आधी घोरायला लागला.

तिथेच पहिला फोन आला. आमच्या बागेच्या धुऱ्याला धुरा लागून ज्यांची बाग आहे त्या काकूंचा. काकूंचं आणि माझं सख्य हे की आम्ही दोघीही बाबांना घाबरत नाही. त्या थोड्या जास्त घाबरत नाहीत. "तुही झाडं कोमेजून राहिली वं," त्या म्हणाल्या. "दुपारी पानं गुंडाऊन घेतात, सकाऊन पुन्हा उघडतात." मी म्हटलं, सकाळी उघडतात ना, मग ठीक आहे. अजून जीव आहे. त्यांनी फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. पानं चामड्यासारखी झाली होती.

तेव्हापासून चालताना माझं लक्ष रस्त्यावर राहिलं नाही. पळस फुलला होता, मोहाखाली बाया सकाळी फुलं वेचत होत्या, ज्यासाठी घर सोडलं ते सगळं माझ्या दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं, आणि मी दुसऱ्यांच्या बागांमधल्या झाडांच्या ओल्या आळ्यांकडे बघत चालले होते. कुठे पाण्याच्या मोटारीचा आवाज आला की मी थांबून पाणी कुठे पडतंय ते शोधायचे. मला बाबांचा इतका राग यायचा की मी मोठ्याने बोलायला लागायचे. समोरून येणारा सायकलवाला उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि मी पुढे गेल्यावरच पुन्हा सायकलवर बसायचा. त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं.

सौंसरला पोचले तेव्हा डाव्या टाचेत पू झाला होता आणि अंगात ताप होता. मावशी सौंसरला असते, माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून मला बोलायचा सगळा हक्क आपल्याकडे आला असं ती धरून चालते. तिने मला डॉक्टरकडे नेलं, सुई टोचवून आणली, खाटेवर घातलं, गरम गरम भातावर वरण वाढलं, आणि माझे बूट गव्हाच्या कोठीत लपवले.

"तुह्या बाबाचा फोन आला होता," ती म्हणाली. "शनवारी मारोतीले नेऊन बसव म्हनते तुले."

"मला?"

"मंग काय मले? चांगली बाग हाये, घर हाये, कोनी हात लावून नाई राहिलं, अन् हे तंबू घेऊन निघाली. तुही माय असती त जीव देला असता तिनं."

मी म्हटलं, "माझ्या मायला जीव द्यायला तुझ्या भाऊजींनी कधी फुरसत दिली नाही. सगळा वेळ स्वयंपाकातच गेला तिचा." मावशी रडायला लागली. मी तिला रडू दिलं. टाच ठणकत होती आणि मला तेव्हा कुणाचीही कीव येत नव्हती.

मावशीच्या घरी मी बरेच दिवस अडकून पडले. घरात येणारी प्रत्येक बाई दारातून डोकावून मला पाहून जायची. कुणी अंगारा आणला, कुणी लिंबू. एकीने मला विचारलं, आवाज येतात का? मी म्हटलं, हो, तुमचाच येतोय. त्यानंतर ती आली नाही.

आणि रोज काकूंचा फोटो. पानं आता सकाळीही उघडत नव्हती. मग पिवळी पडली. मग गळायला लागली, झाडाखाली सडा. इथे खरं तर ताण तोडायचा असतो. चौथाई पानं गळली की पाणी सोडा, हे बाबांनीच मला शिकवलेलं. मी काकूंना म्हटलं, "काकू, दुपारी बाबा झोपतात. तेवढा वेळ कॉक उघडता का?" त्या म्हणाल्या, उघडते ना, मी काय भेते काय त्याले. आणि खरंच उघडला. दोन दुपारी माझ्या झाडांना थोडं थोडं पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या वहाणेला चिखल लागला. कोरड्या बागेत चिखल कुठला, हे कळायला त्यांना जास्त वेळ लागला नसणार. त्यांनी कॉकची दांडीच काढून घेतली.

"बंडीच्या खिशात घालून हिंडून राहिला तो ती दांडी," काकू म्हणाल्या. "मले म्हने, माह्या घरच्या भांडनात पडू नका वहिनी. म्या म्हनलं, झाडाईशी काहून भांडता दादा, पोरीशी भांडा. त म्हने, पोरगी हातात असती त तिच्याशीच भांडलो असतो."

हे ऐकून मी खाटेवरून उठले. मावशीला म्हटलं, बूट दे. तिने नाही म्हटलं. मी म्हटलं, ठीक आहे, अनवाणी जाते, तुझ्या गल्लीतून, भर दुपारी, सगळ्या जगासमोर. तिने कोठीतून बूट काढले. त्यांच्यातून गहू सांडत होते. तरी निघताना तिने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि माझ्या पाठीत एक धपाटाही घातला.

मी सौंसरच्या बसस्टँडवर गेले. नागपूरच्या, छिंदवाड्याच्या गाड्यांची नेहमीची झुंबड, ओरडा. पांढुर्ण्याची गाडी कोपऱ्यात उभी होती. मी तिच्यात चढले. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे सगळ्यांनी असंच धरलं की माझं काळीज दगडाचं आहे. मी चढले, पिशवी पायांत घेतली, खिडकीशी बसले. मला वाटलं, चाळीस झाडं आहेत, मी त्यांना घागरीने वाढवलंय. नर्मदा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. मी हरले होते आणि हरण्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. बाबांना फोन लावला.

"मी बसमध्ये बसले आहे," मी म्हटलं. "येते आहे. आता लगेच कॉक उघडा."

त्यांनी विचारलं, "बस चालू झाली काय?"

"होईल आता. बाबा, आज पाणी मिळालं तर वाचतील. तुम्हाला ठाऊक आहे."

"आगुदर घरी ये," ते म्हणाले. "मंग पाहू."

"मी येईपर्यंत संध्याकाळ होईल. तुम्ही तिथेच आहात, दांडीही तुमच्याच खिशात आहे. नुसता कॉक फिरवायचा आहे."

"घरी ये. पिशवी खाली ठेव. पानी माग. मंग सोडतो."

कंडक्टर तिकिटासाठी माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. 'सोडतो' एवढंच ते म्हणाले असते, तर मी तिकीट घेतलं असतं, आणि आज हे लिहायला माझ्याकडे काही नसतं. पण त्यांना झाडं जगवायची नव्हती आणि मला घरी आणायचंही नव्हतं. मी दारात उभी राहून मागितलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. मी कंडक्टरला म्हटलं, उतरायचं आहे. तो म्हणाला, "चढल्या काहून मंग?" मागच्या बाईने माझ्या पिशवीचा धक्का लागला म्हणून मला दोन शिव्या दिल्या. मी खाली उतरले आणि छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले.

त्या दिवशी मी खूप चालले. टाच पुन्हा फुटली, मोजा रक्ताने चिकटला. मला बरं वाटत होतं. झाडं मरणार आणि ती त्यांनी मारली, मी नाही, असं मी स्वतःला बजावत होते. ते खरंही होतं. पण प्रत्येक मैलाला ते मला पुन्हा बजावावं लागत होतं.

रामाकोन्याच्या आसपास बागाच बागा आहेत. एका बागवानाने मला झाडांमध्ये तंबू लावू दिला. त्याच्या आंबिया, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळी फुलणाऱ्या, बहाराची बारीक बारीक फळं धरलेली होती, बोराएवढी, आणि पाणी चालू होतं. ठिबकच्या नळ्यांमधून थेंब पडत होते आणि आळ्यातली माती काळी दिसत होती. मी त्या मातीवर हात ठेवून बसले. बागवानाची बायको चहा घेऊन आली आणि मला तसं बसलेलं पाहून कप लांबवर ठेवून गेली. तिचाही समज तोच झाला असणार. जामसावळी मागे राहिली होती, म्हणजे या बाईला मारोतीलाही गुण आला नाही.

काकूंना मी सांगितलं, आता फोटो पाठवू नका. त्या म्हणाल्या, बरं. आणि मी पुढे जात राहिले. मधल्या काळात मी शिकले: कणीक नको, सत्तू बरा, तंबू पाण्याच्या फार जवळ लावायचा नाही, कुत्री अंगावर आली की पळायचं नाही, वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. टाचेवर नवी कातडी आली. सकाळी उठून मी माझ्या एकटीचा चहा करायचे आणि तो मला कडू लागायचा. घाटाचा चढ सुरू झाला होता, सागाची पानं पायाखाली कराकरा वाजत होती, आणि उन्हं चांगलीच तापायला लागली होती.

चढावर एक जुनी बांधीव विहीर लागली. तिच्या कठड्यावर मी पाणी पीत बसले होते तेव्हा काकूंचा फोटो आला. मी नको म्हटलं असताना आला. काकू फोटोबरोबर नेहमी काहीतरी लिहितात, निदान बाबांना एखादी शिवी तरी. या वेळी काहीच नव्हतं.

माझा उतार पांढराशुभ्र झाला होता. चाळीसही झाडं फुलांनी भरली होती. फांदी दिसत नव्हती इतकी फुलं, खोडावरसुद्धा फुलांचे घोस. चैत्र संपता संपता, जेव्हा सगळ्या पांढुर्ण्यात एका झाडावर असा बहार नसतो. मी फोटो मोठा केला. एका झाडावरून दुसऱ्यावर गेले, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. चांगल्या बहाराबरोबर नवी पालवी येते, कोवळी, पोपटी. इथे एकही पान नव्हतं. मरायला टेकलेलं संत्र्याचं झाड असंच करतं. अंगात होतं नव्हतं ते सगळं फुलांत घालून मोकळं होतं. त्याला फळ धरत नाही. पाऊस पडेपर्यंत ते वाळून सरपण झालेलं असतं. हे आमच्याकडे ज्याने चार वर्षं बाग केली त्यालाही कळतं, आणि बाबांनी तर दुसऱ्यांच्या बागांमध्ये असा बहार लांबून पाहूनच झाडं तोडायला सांगितलेली आहेत.

मी फोटो पाहतेच आहे तोवर बाबांचा फोन वाजला. बाबा मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"पोचला काय फोटो?" त्यांचा आवाज चढलेला होता, लग्नघरातल्या माणसासारखा. "मीच सांगतलं तिले धाडाले. पाह्यला का? चैतात बहार! मानसं पाहाले येऊन राहिली व. घरापर्यंत वास येऊन राहिला."

मी पाण्याची बाटली कठड्यावर ठेवली.

"तू बसमधून उतरली ना, त्याच्या चार-पाच दिसानं मी पानी सोडलं. तू नाई मांगतलं तरी सोडलं. म्हनलं जाऊ दे, नाई येत त नाई येत. तू जितली, बस? आता ये. एक डाव डोयानं पाहून जाय, अन् मंग जाय कुठी जायचं त. मी काई म्हननार नाई."

बेचाळीस वर्षांत त्यांनी मला कुठलीही गोष्ट अशी मागितली नव्हती. मला विषय तिथेच सोडता आला असता. चांगला आहे बहार, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण बसमध्ये ऐकलेलं ते 'मंग पाहू' माझ्या कानात अजून होतं.

"बाबा," मी म्हटलं, "पानं कुठे आहेत?"

"येतीन ना पानं."

"बहाराबरोबर येतात ती. तुम्हीच सांगितलंय."

मला वाटलं, आता शिवी येईल. मी शिवीची वाट पाहिली.

"मले काय दिसत नाई?" ते हळू म्हणाले. "पैल्या दिवशीच दिसलं मले. कळी निघाली तवाच."

"मग मला बोलावता कशाला?"

"म्हनलं, तू तरी म्हनशीन, चांगला हाये."

मी रडत होते आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन लांब धरला होता. जवळ घेतला तेव्हा ते बोलतच होते.

"...त नको येऊ आता. मी तोडून टाकतो आठ-पंधरा दिसात. खोडं बी काढून टाकतो. मंग ये."

बाबांना फोन लावता येतो, बंद करता येत नाही. बोलणं झालं की ते तो तसाच बंडीच्या खिशात टाकतात. खिशात कापड घासल्याचा आवाज झाला, त्यांच्या वहाणा दोन-चार पावलं वाजल्या आणि थांबल्या. ते माझ्या झाडांमध्येच उभे होते, कारण त्यामागून मधमाश्यांचा आवाज यायला लागला. शेकडो असतील, सगळ्या उतारावर. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत, आणि मीही विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकत राहिले. मग मीच फोन बंद केला.